ओल्या खैराचं कडं

गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात गणोबा नावाचा एक कातारी राहायचा. कातारी म्हणजे लाकूड गरगर फिरवून, त्याला पटाशी लावून गोल वस्तू घडवणारा कारागीर.

गणोबाचे वाडगे अखंड लाकडाचे नसत. शिसवाचे काळे, फणसाचे पिवळे आणि खैराचे तांबडे तुकडे सरसाने जोडून तो एकेक कडं तयार करी. अशी कडी एकावर एक चिकटवली की मग कातायला घेई. पटाशी फिरली की त्या ओबडधोबड ठोकळ्यातून शंकरपाळ्यांची नक्षी उमटे. पाहणाऱ्याला वाटे, झाडच असं उगवलं असेल.

काम दोघांचं होतं. आसाला गुंडाळलेली चामड्याची वादी त्याची बायको साळू समोर बसून ओढायची आणि गणोबा पटाशी धरायचा. लाकूड वाळलं की नाही, हेही साळूच ठरवी. तुकडा हातात तोलून, ओठांना लावून ती सांगे, आणि तिचं सांगणं कधी चुकत नसे.

एकदा राणीने गणोबाला बोलावणं धाडलं. राजकन्येचं बारसं दहा दिवसांवर आलं होतं. त्या दिवशी भर दरबारात तीन रंगांचा वाडगा कातून दाखवावा, अशी तिची इच्छा होती. गणोबाने शब्द दिला की तळापासून काठापर्यंत प्रत्येक कड्यात तांबडे शंकरपाळे दिसतील.

आठ कडी झाली, काठाचं तेवढं राहिलं आणि वाळलेला खैर संपला. उरला तो महिन्याभरापूर्वी तोडलेला. साळूने तो ओठांना लावला आणि बाजूला ठेवून दिला. ओलं लाकूड आकसतं आणि सांधा सोडतं. काठाचं कडं नुसत्या फणसाचं करू आणि राणीसाहेबांना खरं काय ते सांगू, असं तिचं म्हणणं पडलं. गणोबाने मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे गेली असताना त्याने ओला खैरच बसवला. परत आल्यावर तिने विचारलं, तेव्हा शेजारगावच्या सुताराकडे जुनं लाकूड मिळालं, असं त्याने सांगितलं. नवऱ्याचा शब्द तिला पुरेसा होता. तिने पुन्हा तपासलं नाही.

बारशाच्या सकाळी काठाशी केसाएवढी भेग दिसली. गणोबाने तीत लाख भरली, वरून बारीक भुसा चोळला. भेग दिसेनाशी झाली.

दरबार भरला. वादी खाली-वर होऊ लागली, लाकडाच्या कुरळ्या ढलप्या उडू लागल्या, आणि काळ्या-पिवळ्यातून तांबडे शंकरपाळे उघडत गेले. राणी मांडीवरचं बाळ सावरत पुढे वाकली. लोकांच्या तोंडून वाहवा निघाली. गणोबाला चेव चढला.

"जोरात ओढ," तो म्हणाला.

साळूने जोरात ओढलं.

काडकन आवाज झाला आणि वाडगा फुटला. तुकडे खांबांवर आदळले, छताला लागले. एक तुकडा साळूच्या डाव्या डोळ्यात शिरला.

कुणी जागचं हललं नाही. बाळ तेवढं रडत होतं. गणोबाच्या हातात पटाशी तशीच राहिली. ती खाली ठेवावी हेही त्याला सुचेना.

मग राणीचा कारभारी पुटपुटला, की बाईने वादी फार जोरात ओढली. साळूच्या बोटांमधून रक्त ओघळत होतं. तरी ती मान खाली घालून म्हणाली, "माझंच चुकलं असेल. हात आवरायला हवा होता."

वाडगा फुटताना बसला नव्हता एवढा धक्का गणोबाला ते ऐकून बसला. त्याने पटाशी खाली ठेवली.

"तिचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "काठाचं लाकूड ओलं होतं. मला ठाऊक होतं. सकाळी भेग पडली, ती मीच बुजवली."

साळूने उरलेल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"मला तरी सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मी हळू ओढलं असतं."

वैद्यांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण डोळा गेलाच. गणोबाला काय शिक्षा द्यायची, ते राणीने साळूवर सोपवलं. साळूने तीन दिवसांनी उत्तर दिलं. यापुढे पटाशी ती धरणार होती, आणि गणोबाने समोर बसून वादी ओढायची होती.

पुढे कितीतरी वर्षं तो फिरत्या लाकडासमोर बसला. लाकडाने वेग घेतला की त्याचं अंग आक्रसून जाई. पण लाकूड नीट वाळलंय ना, असं त्याने साळूला एकदाही विचारलं नाही. ओलं असतं तर तिने ते लपवलं नसतं, हे त्याला माहीत होतं.

तात्पर्य: आपण झाकून ठेवलेल्या दोषाचा घाव बहुधा आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यालाच बसतो.