शनिवारच्या सभेची अट

वाघेरीच्या महाराजांनी कॉलेजातल्या लोकमत मंडळाला हुकूम धाडला. येत्या शनिवारी सभा भरवा, अध्यक्ष आम्ही स्वतः असू. मात्र सभेत कोणी आमच्या विरोधात बोलायचं नाही, आमच्या बाजूनेही बोलायचं नाही, आणि गप्पही बसायचं नाही. यातलं काहीही घडलं तर मंडळ बंद, आणि बावीसही सभासदांची नावं कॉलेजातून कमी.

चिटणीस नरहर मोडकने हुकूम सगळ्यांना वाचून दाखवला.

"विरोध नको हे समजलं. पण बाजूनेही का नको?" हौसाने विचारलं.

"खुशामतीचा त्यांना तिटकारा आहे. आणि गप्प बसलेली पोरं कट शिजवतात, असा त्यांचा समज आहे. थोडक्यात काय, मंडळ बुडालं," नरहर म्हणाला.

मंडळाचा गुन्हा म्हणजे एक लेख. दर पंधरवड्याला ही मुलं हाताने लिहिलेला अंक वाचनालयाच्या भिंतीवर लावत. या खेपेला त्यात आलं होतं, 'नगरसभेचे अकराही सभासद महाराजांनी नेमलेले, मग ती गावाची सभा कशी? प्रत्येक आळीने आपला माणूस निवडावा.' खरं तर मंडळात कोणाही दोघांचं एकाही गोष्टीवर जमत नसे. नरहरला वाटे, मत फक्त मॅट्रिक झालेल्यांना असावं. काहींना ते सगळ्यांना हवं होतं, आणि देशपांडे बंधूंना तर राजाच नको होता. दर शनिवारी घसा बसेपर्यंत भांडण चाले. पण या लेखाखाली मात्र बाविसांच्या सह्या होत्या, आणि लेख लिहिला होता हौसाने.

हौसा बुरूड आळीतली. बाप टोपल्या आणि सुपं विणायचा. आळीतून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच, तीही संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. नाव कमी झालं की परत बांबू सोलायला बसायचं. त्या कामाची तिला लाज नव्हती. पण शनिवारचं ते भांडण आता आपल्या वाट्याला येणार नाही, या विचाराने तिचा घास घशाखाली उतरेना.

घरी आई चुलीपुढे बसून बापाशी बोलत होती. आई कधी बापाला उलट उत्तर द्यायची नाही, की त्याच्या हो ला हो करायची नाही. नुसती एकेक गोष्ट विचारत जायची, आणि शेवटी बाप तिच्याच मनातलं बोलून मोकळा व्हायचा. हौसा ऐकत राहिली, आणि मग तिने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. महाराज आले, खुर्चीत ऐसपैस बसले आणि मिशीवर हात फिरवत म्हणाले, "हं, होऊ द्या सुरू."

नरहरने हौसाकडे पाहिलं. "काय बोलणार आहेस?" तो कुजबुजला.

"बोलणार नाही. विचारणार." ती उठली. "सरकार, सभेच्या अध्यक्षांना प्रश्न विचारायची मंडळाची रीत आहे. चालेल ना?"

"विचार. आमच्या संस्थानातलं आम्हाला ठाऊक नाही असं काही नाही."

"बुरूड आळीत सरकारांनी नळ बसवला. त्याला पाणी किती वाजता येतं?"

महाराजांनी शेजारी बसलेल्या दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी कागद चाळले. "चोवीस तास, सरकार."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "खरं काय ते कोणाला ठाऊक असेल?"

"आपल्याला काय वाटतं, सरकार?"

"तिथे पाणी भरणाऱ्यांना. दुसऱ्या कोणाला असणार?"

"मग आळीतल्या सहाशे माणसांनी वाड्यावर येऊन सांगावं का?"

"सहाशे? काहीतरीच काय! एकाला पाठवावं."

"त्या एकाला कोणी निवडायचं? दिवाणजींनी?"

"दिवाणजींना नळाचं पाणी ठाऊक नाही, ते माणूस काय निवडणार?" महाराज तडकले. "आळीने निवडावा. आणि त्याने नगरसभेत येऊन बसावं, म्हणजे असले खोटे कागद आमच्यापुढे येणार नाहीत!"

हौसाने नरहरकडे वळून शांतपणे सांगितलं, "चिटणीस, ठराव लिहून घ्या. प्रत्येक आळीने आपला माणूस निवडून नगरसभेत पाठवावा. मांडणारे, श्रीमंत महाराज."

नरहरने लिहिलं.

महाराज डोळे बारीक करून म्हणाले, "ठरावाला अनुमोदन लागतं, मुली. ते कोण देणार?"

"कोणीच नाही, सरकार."

"का? तुमचाच तर लेख होता!"

"अनुमोदन द्यायचं म्हणजे आपल्या बाजूने बोलायचं. आपल्या अटीत ते बसत नाही. तेवढी अट सरकारांनी उठवली, तर आत्ता देते."

महाराजांच्या मिशा आधी नुसत्याच थरथरल्या. मग ते असे गदगदून हसले, की दिवाणजींच्या मांडीवरचे कागद खाली सांडले.

"उठवली! तिन्ही अटी उठवल्या!"

हौसाने अनुमोदन दिलं. बावीस हात वर गेले. नरहरचा सगळ्यात आधी.

महाराजांनी तिथल्या तिथे मंडळाला वाचनालयातली एक खोली दिली आणि हौसाची शिष्यवृत्ती एम.ए.पर्यंत वाढवली. निघता निघता विचारलं, "आणखी काय हवं?"

"पुढच्या शनिवारी सरकारांनी पुन्हा अध्यक्ष म्हणून यावं."

"विषय काय?"

"संस्थानाला राजा असावा की नसावा."

देशपांडे बंधूंनी माना खाली घातल्या. महाराज मात्र दारातच थांबले आणि पुन्हा हसत सुटले.

"येतो," ते म्हणाले. "न येऊन कसं चालेल? माझ्या बाजूने तिथे एक तरी मत पडायला हवं."