काजळीचा धनी

राजवाड्याच्या पागेत आणून बांधल्यापासून काजळी घोडी चंदीला तोंड लावेना, आणि दसरा तर अगदी तोंडावर आला होता.

घोडी म्हाकू धनगराची. अंगानं बुटकी, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी, आणि गळ्याखाली केसांचा एक भोवरा. म्हाकूला त्या भोवऱ्याचं एवढंच ठाऊक होतं, की तिथं खाजवलं की घोडी डोळे मिटते. पण वाकणगडचे राजे रणमर्दनराव यांच्या पदरी जिवाजीपंत नावाचे अश्वपारखी होते. त्यांनी ती वाटेत पाहिली आणि महाराजांच्या कानावर घातलं, की तिच्या गळ्याखालचा भोवरा म्हणजे देवमण, राजयोगाची खूण आहे. असली घोडी ज्याला धनी मानेल, त्याला राज्य मिळतं. महाराजांकडे राज्य होतंच, पण आणखी एखादं मिळालं तर त्यांना नको नव्हतं. लगोलग शिपाई जाऊन घोडी घेऊन आले. बदल्यात म्हाकूला नारळ दिला.

घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारानं हरभरे घातले, हुलगे उकडून घातले, गूळ चारला. पंतांनी दृष्ट काढली. घोडी आपली पागेच्या दाराकडे बघत उभी. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. तिच्यावर बसून महाराज सीमोल्लंघनाला निघणार होते! गावात लोक हळूच म्हणू लागले, घोडीनं महाराजांचं पोट पाहिलं आणि तिची भूकच मेली.

ते ऐकून महाराजांनी म्हाकूला धरून आणवलं. म्हाकू आधीच मितभाषी, दरबारात तर त्याची वाचाच बसली. म्हणून त्याची लेक सारजा त्याच्या शेजारी उभी राहिली. महाराजांनी हुकूम सोडला, की दिवस मावळायच्या आत घोडी जेवली पाहिजे. तुमच्या घरच्यांनी तिला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. जेवली नाही तर सगळी मेंढरं दसऱ्याला वाड्याच्या मुदपाकखान्यात.

"आन जेवली तर?" सारजानं विचारलं.

"जेवली तर मेंढरं तुमची, घोडी आमची."

म्हणजे हरलं तरी घोडी जाणार आणि जिंकलं तरी जाणार. सारजानं बापाकडं पाहिलं. म्हाकूच्या ओठांतून कसेबसे शब्द आले, "जेवू दे गं तिला. कुनाची का असंना, उपाशी नको."

सारजानं चेहरा भोळाच ठेवला.

"महाराज, घोडीचा धनी आता कोन म्हनायचा?"

सगळा दरबार हसला. महाराजांनी मिशीवर हात फिरवला. "आम्ही. दुसरं कोण?"

"मग काम सोपं हाय," सारजा म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. काजळी जन्मली तेव्हाच तिची आई मेली. म्हाकूनं तिला मांडीवर घेऊन वाढवलं. तेव्हापासूनची रीत अशी, की धनी तिच्यासमोर बसतो, तिच्याच घमेल्यातले हुलगे आधी आपण खातो, मग ती तोंड घालते. धन्याच्या आधी तिनं कधी घास घेतला नाही. "आता धनी तुमी. चला, बसा जेवायला."

पंत घाईनं म्हणाले, की महाराजांनी पागेत बसून घोड्याचं खाणं खावं, हे शोभत नाही.

"बरं," सारजा म्हणाली. "मग महाराज धनी न्हाईत, असं पंतांनी समद्यांसमोर सांगावं."

पंत एकदम छताचं नक्षीकाम बघू लागले.

अखेर रणमर्दनराव पागेत गोणपाटावर बसले. दोघांनी धरून बसवलं. त्यांनी चिमूटभर हुलगे तोंडात टाकले. काजळीनं नुसते कान हलवले.

"मूठभर घ्या, महाराज," दाराबाहेरून सारजा म्हणाली. "आन चावून खावा. लबाडी तिला कळती."

महाराज चावू लागले. डोळ्यांत पाणी आलं, तरी चावत राहिले. काजळीनं मान खाली घातली, घमेलं हुंगलं आणि खायला लागली. मध्येच तिनं फुरफुर केलं आणि हुलग्यांचा फवारा महाराजांच्या जरीच्या अंगरख्यावर उडवला. लोकांनी जयजयकार केला. दारात म्हाकू घोंगडीच्या टोकानं डोळे पुसत होता.

"जिंकलो," महाराज उठत म्हणाले.

"जिंकलात की. आता उद्या सकाळी लवकर या. तिला दोन्ही येळंला लागतं."

महाराजांचा चेहरा उतरला. "उद्यापासून मोतद्दार खाईल."

"खाऊ दे. माझं काय जातं?" सारजा म्हणाली. "पर ती ज्याच्यासंगं जेवती त्यालाच धनी मानती. आन ती ज्याला धनी मानंल त्याला राज्य मिळतं, असं पंतच म्हनतात."

महाराजांनी मोतद्दाराकडे पाहिलं. त्या बिचाऱ्यानं नकळत पागोटं सारखं केलं होतं.

"मोतद्दार नको," महाराज म्हणाले.

"मग पंत?"

पंत घमेल्याकडं इतक्या आवडीनं बघत होते, की महाराज ओरडले, "पंत तर मुळीच नको!" मग जिभेवरची कडसर चव गिळत त्यांनी आवाज खाली आणला. "पोरी, आता तूच सांग. हुलगे खायचे कुणी?"

"ज्याच्यापास्नं तुमच्या गादीला भ्या न्हाई, असा एकच मानूस हाय, महाराज. माझ्या आबानं काजळी शिंगरू व्हती तवापासनं तिच्यासंगं हुलगे खाल्ले. त्याला काय राज्य मिळालं ते बघा की, दारातच उभं हाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अनवाणी पाय, ठिगळाची घोंगडी, आणि काखेत काजळीच्या तोंडाला बांधायची जुनी दोरीची म्होरकी.

महाराज आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. इतके हसले, की काजळीनंही मान वर करून पाहिलं. त्यांनी घोडी म्हाकूच्या हाती दिली, आणि सरकारी कुरण त्याच्या मेंढरांना कायमचं मोकळं केलं. म्हाकूनं गळ्याखालच्या भोवऱ्याला खाजवलं, घोडीनं डोळे मिटले, आणि तिघंही वेशीकडं चालू लागली.

घोडी नजरेआड झाल्यावर महाराजांनी घमेलं पुढं ओढलं. तळाशी बरेच हुलगे उरले होते. ते वाया जाऊ नयेत, म्हणून त्यांनी पंतांना गोणपाटावर बसवलं आणि स्वतः समोर उभं राहून सगळे संपवायला लावले.