अंतरपाटाखालची ताजी बातमी

टीव्ही पाठीने सपाट झाले होते, पण तोंडाने गप्प झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

भाऊसाहेब सोनटक्क्यांच्या दुकानात दोन टीव्ही शेजारी टांगलेले होते. महागडा ओएलईडी साध्या एलईडीला रोज टोचायचा, “माझा ठिपका न् ठिपका स्वतः उजळतो, विझला की काळाकुट्ट! तुझ्या पडद्यामागे दिवे लावावे लागतात, म्हणून तुझी रात्रसुद्धा राखाडी.”

“खरंय, दादा,” एलईडी म्हणायचा.

चित्र झकास म्हणून भाऊसाहेब वर्षभर ओएलईडीवरच बातम्यांची एकच वाहिनी लावून बसले.

एकदा प्रमिलाताई टीव्ही घ्यायला आल्या. त्यांनी लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ ओएलईडीवर लावायला सांगितला. अंतरपाट दूर झाला, पण नवरीच्या पोटावरची पुसट पट्टी काही हलेना. पट्टीवर अक्षरं होती, ‘ताजी बातमी’.

“अहो, सप्तपदी व्हायच्या आत ही कसली बातमी?” प्रमिलाताई कडाडल्या.

“वर्षभर बातम्यांची तीच पट्टी दाखवून तिथले ठिपके झिजलेत, तिचा डाग राहिलाय,” भाऊसाहेब ओशाळले.

ताईंनी एलईडी घेतला. खोक्यात शिरता शिरता तो म्हणाला, “दादा, माझा उजेड मागचा आहे खरा, पण मागचं काही मी धरून बसत नाही.”