हिमनदीचा निळा धोंडा

एका राज्यात हिमनदी चालू लागली.

तशी ती पूर्वीही चालायची, पण मुंगीच्या पावलांनी. आता ती रोज पुढे सरके, कण्हे, कडाडे. तिच्या पायथ्याशीच राजकन्या शर्विलेचे सासर होते. ती ओली बाळंतीण, अंगात ताप. तिला हलवणे म्हणजे जिवाशी खेळ. राजा वज्रकेतूच्या घशाखाली घास उतरेना.

राजमांत्रिक म्हणाला, "होम पेटवा." कड्याकड्यांवर होमकुंडे धडधडली. नदी अधिकच वेगाने निघाली. राजाने आणखी होम पेटवले! घाबरलेल्या माणसाला दुसरे सुचते तरी काय?

तेव्हा एक चकोर राजाच्या खांद्यावर येऊन बसला. "राजा, नदीची पाठ बघ."

पाठ काळीकुट्ट झाली होती.

"ही तुझ्या होमांची काजळी," चकोर म्हणाला. "काळ्या बर्फाला ऊन लवकर लागते. वितळलेले पाणी भेगांतून तळाशी जाते आणि त्यावरून नदी घसरते. तीन कामे कर. आगी विझव. तळाच्या पाण्याला वाट करून दे."

"आणि तिसरे?"

"आधी ही दोन."

राजाने होम विझवले. प्रजा धास्तावली, मांत्रिक रागाने राज्य सोडून गेला. मग राजाने स्वतः कुदळ घेतली आणि नदीच्या मुखाशी बुजलेली वाट मोकळी केली. गढूळ पाणी उसळून बाहेर पडले. नदी मंदावली, पण थांबली नाही. शर्विलेच्या गोठ्याची भिंत कोसळली. शेजारी घरात तान्हे बाळ किंचाळले.

"तिसरे सांग!" राजा ओरडला.

"नदीच्या पायाशी निळा धोंडा होता. तो कुठे आहे?"

राजाचा चेहरा उतरला. त्यावर बसणारा अढळ राहतो, असे ऐकून त्यानेच तो उपटून आणला होता. त्याचेच सिंहासन घडवले होते.

"तोच नदीला अडवून धरायचा. तो उचललास, तोच शाप भोवतोय," चकोर म्हणाला.

प्रधान कळवळला. "महाराज, आपण बसणार कुठे?"

"जमिनीवर. बैल जुंपा!"

सिंहासन नदीच्या वाटेत रोवले गेले. बर्फ आला, त्यावर रेलला, एकदा मोठ्याने कण्हला आणि पुन्हा मुंगीच्या पावलांवर आला.

राजा लेकीच्या उंबऱ्याशी मटकन बसला. "शर्विले, काही खायला आहे का ग?" तिने पेज पुढे केली. ती त्याच्या घशाखाली उतरली.

त्या राज्यात अजूनही राजा जमिनीवर बसतो आणि सिंहासनावर हिमनदी.