रावबाच्या पाठीवरच्या खुणा

जहागीरदारांचा रावबा पहिलवान जत्रेच्या कुस्तीत हरला आणि खापर फुटलं हणमव्वा वैदिणीवर. रावबाची पाठ आखडली होती, म्हणून आदल्या दिवशी तिनं त्याला कोरड्या तुंबड्या लावल्या होत्या. पोकळ शिंग पाठीवर टेकवायचं आणि तोंडानं हवा ओढून घ्यायची, म्हणजे दुखरा स्नायू मोकळा होतो. मागे राहतात ते गोल काळेनिळे डाग.

भर कचेरीत जहागीरदारांनी रावबाला उघड्या पाठीनं उभं केलं. "या बाईनं माझ्या पहिलवानाची ताकद शोषून घेतली. याच्या पाठीवर ज्याच्या हातच्या खुणा असतील, त्याचा उजवा हात तोडा. हा माझा शब्द आहे."

शिपायानं हणमव्वाचा हात ओंडक्यावर दाबून धरला. ती सावकाश बोलली.

"शब्द मान्य आहे, सरकार. माझ्या शिंगाचं तोंड गोल, तेव्हा गोल खुणा माझ्या. पण याच्या पाठीवर लांब वळही आहेत, चाबकाचे. ते ज्यांच्या हातचे, त्यांनीही हात पुढं करावा."

कचेरीतल्या साऱ्या नजरा जहागीरदारांकडे वळल्या. दुखऱ्या पाठीनं लढायला रावबा नाही म्हणाला, तेव्हा जहागीरदारांनी स्वतः त्याला फोडून काढलं होतं. ते साऱ्या गावानं पाहिलं होतं.

जहागीरदारांनी उजवा हात हळूच शालीखाली घेतला.

"सोडा तिला," ते म्हणाले.

हणमव्वानं दिवस मावळायच्या आत गाढवावर बिऱ्हाड लादलं आणि रावबाला बरोबर घेऊन ती जहागिरीबाहेर पडली.