दवाखान्याच्या जीपचं तेल

डोंगरावरच्या दवाखान्याची जुनी जीप खालून तेल गाळू लागली, तसे संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब ट्रक घेऊनच आले. "इंजिन संपलं. शहरात नेऊन दुसरं बसवू. दोन महिने लागतील."

जीपची देखभाल करणारे बाबाजी मेस्त्री पुढे झाले. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि घाट उतरायला गावात दुसरी गाडी नव्हती.

"साहेब, तासभर द्या."

"तासाभरात इंजिन तरुण होणार आहे का, मेस्त्री? बरं, घ्या. मग ट्रकवर चढवा."

मेस्त्रींनी इंजिन रॉकेलने धुऊन कोरडं पुसलं, त्यावर तोंडाला लावायची पावडर भुरभुरली आणि चावी फिरवली. बराच वेळ काहीच दिसेना. तात्यासाहेब उन्हात घड्याळ बघत उभे होते. अखेर पांढऱ्या पावडरीवर काळा ओघळ उमटला. तो वरच्या झाकणाच्या फटीतल्या जाड कागदी पॅकिंगपासून निघून तळापर्यंत आला होता.

"पण गळतंय खालूनच ना?" तात्यासाहेब हटेनात.

"साहेब, तुमच्या हनुवटीवरून घाम टपकतोय. फुटलाय तो कपाळावर. मग हनुवटी बदलायची का?"

तात्यासाहेबांनी आधी हनुवटी पुसली, मग कपाळ.

"नवं पॅकिंग कापायला बसा," ते म्हणाले, आणि ट्रक रिकामाच घाट उतरला.