कंपायलरची साक्ष

मंगळवारी मी डब्यातली कोबी संपवत होतो, तेव्हा दूध शीतकरण केंद्रावरून फोन आला. आमचं यंत्र टाकीचं तापमान मधूनच भलतंच दाखवत होतं.

मुख्य अभियंते दाबके साहेबांनी बैठकीत निकालच देऊन टाकला. "सरासरी काढणारा प्रोग्रामचा तुकडा, ते फंक्शन, माझं आहे. आठ वर्षांत कंपायलरने हूं की चूं केलं नाही. चूक तक्त्यातच. अहवालात वसुधाबाईंचं नाव घाला."

वसुधा माझी पत्नी, याच ऑफिसात काम करायची. ज्यातल्या आकड्यांची सरासरी ते फंक्शन काढायचं, तो सहा स्थिर आकड्यांचा तक्ता तिचा. तिला जाऊन पाच महिने झाले होते, आणि तिच्या बाजूने बोलणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"साहेब, कंपायलरलाच विचारू," मी म्हणालो. कंपायलर म्हणजे आम्ही लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर.

"विचारा की! तुमचं समाधान होऊ दे."

मी त्यांच्या फंक्शनआधी कॉन्स्टएक्स्पर हा शब्द टाकला आणि उत्तर कंपाइल होतानाच मागितलं. आता सरासरी यंत्राने नंतर नव्हे, कंपायलरने स्वतः काढायची होती. त्याने साफ नकार दिला. पडद्यावर लाल ओळ आली: सहा घरांच्या तक्त्यातलं सातवं घर वाचता येणार नाही. चूक साहेबांच्या फंक्शनमध्ये होती; तक्त्याच्या पुढे मेमरीत जो काही आकडा पडलेला असेल, तोही ते सरासरीत मिसळत होतं.

"मग आठ वर्षं हा गप्प का?" साहेब ओरडले.

"आठ वर्षं तो तुमचं म्हणणं फक्त यंत्राच्या भाषेत उतरवून देत होता, साहेब. खऱ्याखोट्याची जबाबदारी त्याची नव्हती. आज पहिल्यांदाच उत्तर त्याने स्वतःच्या नावावर द्यायचं होतं."

मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी अहवालातलं वसुधाचं नाव स्वतःच खोडलं.

तिचं ऑफिसातलं लॉगिन बंद करायचा अर्ज मात्र मी अजून भरलेला नाही.